आटे गेल्यावर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून एक गृहस्थ मुद्दाम आमच्याकडे आले होते. जुन्या मोटरसायकली जमवणे हा त्यांचा छंद. आम्ही दोघे तालुक्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी १९६८ साली नवी घेतलेली आणि २०१९ साली ते गेल्यापासून आम्ही दोघांनी मिळून सांभाळलेली जावा मोटरसायकल पाहायला ते आले होते. गाडी विकायची असे आम्ही ठरवलेले नव्हते. पण किंमत ऐकायला काय हरकत आहे, एवढा मोह दोघांनाही झाला होता. गृहस्थ जाणकार होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसून इंजिन न्याहाळले, खिशातला छोटा दिवा हेडवर धरला आणि उठून हात पुसत म्हणाले, "गाडी छान ठेवलीय सर. पण इंजिन ओरिजिनल राहिलेलं नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. हेडमध्ये प्लगच्या भोकाभोवती पितळेचे कडे दिसत होते. इंजिनाच्या उजव्या झाकणाच्या दोन स्क्रूंखाली पोलादी तारेची वेटोळी बसवलेली आहेत, हे आम्हीच त्यांना सांगितले. सिलिंडरला आतून लायनर आहे हेही सांगितले. एकेक वाक्यागणिक किंमत उतरत गेली आणि चहा पिऊन ते निघून गेले. आम्हाला राग आला नाही. मात्र 'ओरिजिनल' हा शब्द मागे राहिला आणि काही दिवस आमच्या बोलण्यात पुन्हापुन्हा येत राहिला. हा लेख त्या बोलण्यातून आलेला आहे.

आधी त्या पितळी कड्याविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याचे पाप आमचे आहे. एका रविवारी गाडी फिरवून आणल्यावर, इंजिन गरम असतानाच, आम्ही प्लग काढून साफ केला आणि परत बसवताना हाताला 'अजून थोडा' वाटला म्हणून पाना अजून थोडा ओढला. घट्ट होत आलेला प्लग एकाएकी हलका फिरू लागला. ज्यांनी हे कधी अनुभवले आहे त्यांना त्या क्षणी पोटात पडणारा खड्डा ठाऊक असेल. आटे गेले होते.

आटा म्हणजे काय, हे आमच्यासारख्या पुस्तकी माणसांना तेव्हा नीट कळले. आटा ही खरे तर एक उतरण आहे, दांड्याभोवती गुंडाळलेली. बोल्ट फिरवताना आपण त्या उतरणीवर वजन चढवत असतो आणि शेवटी बोल्ट किंचित ताणला जातो. तो ताणच दोन भाग धरून ठेवतो. हा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जातो असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. वरच्या पहिल्या आट्यावर साधारण एक-तृतीयांश भार येतो, दुसऱ्यावर त्याहून कमी आणि खालच्या आट्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पहिला आटा वाकला की त्याचा भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. म्हणून आटे जातात तेव्हा एकामागोमाग एक जातात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते एकदम गेल्यासारखे वाटतात. त्यात प्लग पोलादाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे, म्हणजे भांडणात कोण हरणार हे आधीच ठरलेले. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते. गरम हेडमध्ये आवळलेला प्लग त्यामुळे आपण समजतो तितकाच आवळलेला नसतो. आणि प्लगच्या त्या भोकात आटे तरी किती? जेमतेम आठ-दहा.

झाकणाच्या दोन स्क्रूंची कथा वेगळी आहे आणि ती आमच्या आधीची आहे. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली प्राग शहरात यानेचेक या उद्योजकाने वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलीचे हक्क घेऊन कारखाना काढला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार केले. १९६१ पासून म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात ती आपल्याकडे बनू लागली. साहजिकच तिचे सगळे आटे मिलिमीटरच्या मापातले. १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेली बुलेट मात्र इंग्लंडची, म्हणून तिच्या जुन्या इंजिनांचे आटे इंची. आपल्याकडच्या गॅरेजात या दोन गाड्या शेजारीशेजारी उघडल्या जात आणि त्यांचे स्क्रू एकाच डब्यात पडत. आता गंमत पाहा. जावाच्या झाकणाचा स्क्रू सहा मिलिमीटरचा, त्याच्या दोन आट्यांतले अंतर एक मिलिमीटर. बुलेटच्या घराण्यातला पाव इंची स्क्रू ६.३५ मिलिमीटरचा, आणि इंचाला सव्वीस आटे म्हणजे दोन आट्यांतले अंतर ०.९८ मिलिमीटर. हा इंची स्क्रू जावाच्या भोकात तोंडाला लागतो, एक-दोन फेरे विनातक्रार जातोही. पुढे अडतो तेव्हा घाईतला हात जोर लावतो आणि भोकातला आटा कापला जातो. अगदी वेगळा स्क्रू असे नुकसान करू शकला नसता, कारण तो भोकात शिरलाच नसता. हस्तलिखितांच्या नकलकारांच्या चुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. सर्वस्वी परका शब्द पोथीत सहसा शिरत नाही. शिरतो तो मूळ शब्दासारखा दिसणारा.

प्लगचे आटे गेल्यावर आम्ही हेड उतरवले आणि पिशवीत घालून मिस्त्रींकडे गेलो. त्यांचे लेथचे दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पाइपा, पंपाचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना यांची कामे तिथे चालतात. मोटरसायकलीचे काम आता क्वचितच. त्यांनी भोकात करंगळी फिरवली आणि आमच्याकडे पाहिले. "हात कुणाचा?" एवढेच विचारले. आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

त्याच आट्यांवर पुन्हा टॅप फिरवून काही होईल का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "गेलेल्या आट्यावर नवा आटा बसत न्हाई, सर. आधी भोक मोठं कराय लागतंय."

हे वाक्य ऐकून आम्ही त्या वेळी केवळ होकार भरला. त्याचा अर्थ पुढच्या दोन तासांत उलगडला. मिस्त्रींनी हेड लेथवर बांधले, ते मध्यावर आणायला बराच वेळ घेतला, आणि आमच्या हातून वाचलेले उरलेसुरले आटेही काढून टाकले. चौदा मिलिमीटरचे भोक पाहता पाहता अठराच्या घरात गेले. आम्हाला वाटले, होते तेही गेले. मग त्या मोठ्या, स्वच्छ भोकात त्यांनी नवे आटे पाडले. पितळेच्या गजातून एक बुश काढला, त्याला बाहेरून मोठे आटे आणि आतून प्लगचे, चौदा मिलिमीटर व्यासाचे आणि सव्वा मिलिमीटर अंतराचे. पितळच का, पोलाद का नाही, असे विचारल्यावर म्हणाले, "पितळ ॲल्युमिनियमच्या चालीनं फुगतंय. लोखंड मागं ऱ्हातंय." घरी येऊन आम्ही पुस्तक उघडले. उष्णतेने फुगण्याच्या बाबतीत पितळ खरोखरच ॲल्युमिनियमच्या पोलादापेक्षा पुष्कळ जवळ आहे. मिस्त्रींनी ते पुस्तक पाहिलेले नाही.

बुश बसवल्यावर त्यांनी खालून, म्हणजे जिथे स्फोट होतो त्या बाजूने, बोट फिरवून पाहिले. बुशाची कड बाहेर डोकावता कामा नये. डोकावली तर तो पातळ आटा तापून लाल होतो आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतो. मग वरचा भाग प्लगचे वायसर सपाट बसेल असा साफ केला आणि शेवटी बुश व हेड यांच्या सांध्यावर तीन ठिकाणी पंच मारला, म्हणजे प्लग काढताना बुश सोबत फिरून येऊ नये. ते तीन ठिपके आजही दिसतात. पुण्याच्या गृहस्थांना दिव्याच्या उजेडात सगळ्यांत आधी दिसले ते तेच.

झाकणाच्या भोकांचा उपाय याच तत्त्वावरचा, फक्त नाजूक. तिथे बुशाला जागा नसते, म्हणून पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. मिस्त्री त्याला नुसते 'स्प्रिंग' म्हणतात. सहा मिलिमीटरच्या स्क्रूसाठी एरवी पाच मिलिमीटरचे भोक पाडून आटे काढतात. इथे ते सव्वासहाच्याही थोडे पुढे न्यायचे, त्यात खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि वेटोळे पिळून आत सोडायचे. ते सोडले की बाहेरच्या बाजूला फाकून बसते, आणि त्याच्या आतल्या अंगाला पुन्हा तोच सहा मिलिमीटरचा आटा तयार होतो. स्क्रूला काही बदलल्याचा पत्ताही लागत नाही. ॲल्युमिनियममध्ये पकड आता मोठ्या घेरावर असते आणि स्क्रूचे रोजचे घासणे पोलादावर होते. म्हणून नीट केलेली ही दुरुस्ती कारखान्यातून आलेल्या मूळ भोकापेक्षा जास्त टिकते. गाडी नवी असतानाच्या त्या दोन भोकांपेक्षा आजची दोन भोके अधिक भरवशाची आहेत. त्यांच्यामुळेच गाडीची किंमत मात्र उतरली.

सिलिंडरचा इतिहास आम्हाला वडिलांच्या वहीतून कळला. (यापुढे आम्ही दोघेही त्यांना 'वडील'च म्हणतो, गाडीप्रमाणे तेही आता वाटून घेतलेले आहेत.) प्राथमिक शाळेत शिक्षक असलेल्या या माणसाने गाडीची एक शंभरपानी वही ठेवली होती. तिच्यात बोअरची नोंद अशी: १९६८, ६५.००. १९७७, ६५.२५. १९८६, ६५.५०. १९९४, ६६.००. २००३, लायनर, ६५.००.

या आकड्यांचा अर्थ असा. पिस्टन वरखाली होताना सिलिंडर झिजतो, पण सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जिथे उष्णता जास्त आणि तेल कमी, तिथे अधिक झिजतो. आणि पिस्टन ज्या बाजूंना रेटला जातो त्या बाजूंनी अधिक झिजतो. गोल भोक हळूहळू अंडाकृती आणि वरून फाकलेले होते. म्हणून माप घेताना तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी घ्यायचे असते. झिजलेली जागा भरून काढायची सोय नाही. म्हणून सगळा सिलिंडर सर्वांत झिजलेल्या जागेपेक्षा थोडा अधिक, सगळीकडून सारखा कापायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. म्हणजे इथेही तेच: आधी भोक मोठे करायचे. ६५ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक धरला तर इंजिन सुमारे २४९ घनसेंटिमीटरचे होते. बोअर ६६ झाल्यावर ते सुमारे २५७ चे होते. झिजता झिजता इंजिन मोठे होत गेले, हे वाचून आम्हाला मोठी मौज वाटली.

अर्थात या मोठे होण्याला अंत असतो. कापता कापता भिंत पातळ होते आणि त्यापुढच्या मापाचा पिस्टन मिळत नाही. मग सिलिंडरमध्ये बिडाची नवी नळी, म्हणजे लायनर, दाबून बसवतात आणि पुन्हा ६५ पासून सुरुवात. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला वायू येण्याजाण्याच्या खिडक्या असतात. त्या लायनरलाही जिथल्या तिथे कापाव्या लागतात आणि त्यांच्या कडा मारून गुळगुळीत कराव्या लागतात, नाहीतर पिस्टनची रिंग खिडकीच्या कडेला अडकून तुटते. वहीत त्यापुढे वडिलांनी लिहिले आहे: 'मिस्त्रींनी कडा दोनदा पाहिल्या. पैसे एकदाच घेतले.'

आता 'ओरिजिनल' या शब्दाकडे येतो. आम्ही पोटासाठी मराठी साहित्य शिकवतो, आणि मूळ काय व नंतरचे काय हा प्रश्न आमच्या धंद्यातला फार जुना आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. पुढच्या तीन शतकांत नकला होता होता तिच्यात अपपाठ शिरले, म्हणून १५८४ साली, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी स्वतःच्या ओव्या तिच्यात मिसळू नयेत अशी तंबीही देऊन ठेवली. पाठ शुद्ध करणे याचा अर्थ आधी काढून टाकणे. जिथपर्यंत धातू खराब झाला आहे तिथपर्यंत खरवडायचे, मग चांगल्या धातूत नवा आटा पाडायचा. मिस्त्रींचे वाक्य आम्हाला पटायला वेळ लागला नाही, तो यामुळे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पुरे झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. या आवृत्तीतली एक गोष्ट आम्हाला नेहमी थोर वाटत आली आहे. ज्या पाठाची संपादकांना पुरती खात्री नव्हती त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली, आणि वगळलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत राखून ठेवले. इथे आमचा हात लागला आहे, इथे आम्ही साशंक आहोत, पुढे येणाऱ्याने पुन्हा तपासावे, असे ती रेघ सांगते. मिस्त्रींचे पंचाचे तीन ठिपके आणि ही नागमोडी रेघ यांत आम्हाला फरक दिसत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की दुरुस्तीची खरी कसोटी मूळपणा ही नसून पुढे ती वस्तू उघडणारा माणूस ही आहे. आटे गेल्यावर तीन गोष्टी करता येतात. पहिली, जुगाड. स्क्रूला दोरा गुंडाळा, भोकात इपॉक्सी भरा, किंवा थोडा जाड स्क्रू ठोकून बसवा. गाडी आज चालते. उद्या जो उघडेल तो आपल्या नावाने खडे फोडेल. दुसरी, सगळे बदलून नवे कोरे, जुन्यासारखे दिसणारे सामान बसवणे. हौशी जमवणाऱ्यांच्या गाड्या अलीकडे बहुधा अशाच असतात. त्यांवरचे क्रोम कारखान्यातून आले तेव्हापेक्षा जास्त चमकते आणि त्या पन्नास वर्षे रस्त्यावर होत्या याची एकही खूण मागे राहत नाही. तिसरी, दिसेल अशी, मोजून केलेली आणि नोंदवून ठेवलेली दुरुस्ती. जुगाड आणि कोरेपणा परस्परांचे शत्रू वाटतात, पण मधे काय घडले हे दोघेही लपवतात. तिसऱ्या प्रकारात ते सांगितलेले असते.

या मतावर घेण्याजोगे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा की सगळेच दुरुस्त करू नये, आणि ते खरे आहे. क्रँकच्या बेअरिंगा, ऑइल सील, ब्रेकचे लायनर या वस्तू बदलायच्याच असतात. क्रँकचे सील गेले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो; तिथे जुन्याचा लोभ उपयोगाचा नाही. झिजलेला शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर मारता येतो, पण कडक केलेले पोलाद तापले की त्याचा कडकपणा उतरतो. कोणता शाफ्ट भरायचा आणि कोणता फेकायचा हे सांगणारा माणूस हवा. दुसरा आक्षेप धुराचा. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळते आणि शहराच्या हवेला ते सोसणारे नाही. आम्ही ही गाडी महिन्यातून दोन रविवारी चालवतो. त्याहून जास्त चालवण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. तिसरा आक्षेप असा की हे सगळे स्मरणरंजन आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. जावाचे नाव २०१८ साली परत आले, ओळखीचा आकारही परत आला, आत मात्र नव्या काळाचे, पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. ते आजच्या हवेला आणि आजच्या रस्त्याला योग्यच आहे. मग जुन्याला कवटाळून का बसायचे?

याचे आमचे उत्तर गाडीपेक्षा मिस्त्रींविषयी आहे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. बोअरचे माप ते आता हाताने ओळखतात आणि खात्रीसाठी आम्हाला डायल वाचायला सांगतात. मुलगा शिकून पुण्यात नोकरीला लागला, आणि त्यात वावगे काही नाही. लेथ विकायचे असे घरात बोलणे चालू आहे. वजनाच्या भावाने जाईल, असे ते हसत सांगतात. त्या दिवशी लेथबरोबर जे जाईल त्याला भाव नाही. पितळ कोणाच्या चालीने फुगते ते जाईल, टॅप किती फिरवला की उलटा घ्यायचा आणि कीस मोडायचा ते जाईल, आणि त्याच्यासोबत शब्द जातील.

शब्दांविषयी तर आम्ही बोललेच पाहिजे. आटे 'पाडतात', बोअर 'मारतात', शाफ्ट 'भरतात', बुश 'काढतात' आणि 'बसवतात', रिंग 'धरते', इंजिन 'बसते', आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे एक 'सूत'. मराठीची साधी क्रियापदे इथे किती नेमकी कामे करतात हे पाहून आम्ही थक्क झालो. पारिभाषिक शब्दांची समिती बसवून हे घडलेले नाही. कोशांनी घडवलेले शब्द दुकानापर्यंत पोचले नाहीत आणि दुकानातले शब्द फारसे आमच्या वर्गापर्यंत आले नाहीत. एके काळी हे अंतर इतके नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्याच कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याचे वार्तापत्र बघता बघता मराठी साहित्याचे एक प्रमुख मासिक झाले. आज एखाद्या लेथच्या दुकानातून साहित्याचे मासिक निघेल किंवा एखाद्या मराठी विभागातून आटे कसे पाडावेत याचे चांगले पुस्तक निघेल, असे कोणाला वाटते का? 'उपयोजित मराठी' या नावाने आम्ही वर्गात जाहिरात आणि वृत्तलेखन शिकवतो. त्या नावाखाली मिस्त्रींचे एक वाक्यही आम्ही कधी फळ्यावर लिहिलेले नाही. हा दोष अभ्यासक्रमाचा जितका आहे तितकाच आमचा.

म्हणून डिसेंबरपासून आम्ही शनिवारी दुपारी वही घेऊन मिस्त्रींच्या दुकानात बसतो. ते काम करतात, आम्ही विचारतो आणि लिहून घेतो. सुरुवातीला ते लाजत. 'ह्यात काय लिवायचं सर' म्हणत. आता आम्ही चुकीचे लिहिले तर थांबवतात. एकदा आम्ही 'भोक मोठे केले' असे लिहिलेले वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "किती, ते लिवा. नुसतं मोठं म्हणजे काय?" इतक्या वर्षांत आमच्या शोधनिबंधांवर एवढा नेमका शेरा कोणी मारलेला नाही.

पुण्याच्या गृहस्थांचा परवा फोन आला होता. किंमत थोडी वाढवली आहे, फक्त हेड मूळचे मिळवून बसवता आले तर पाहा, असे म्हणाले. आम्ही नम्रपणे नको म्हटले. त्या रात्री वडिलांची वही काढली. शेवटची नोंद त्यांच्या हातची, २०१६ सालची, गिअरच्या तेलाची. तिच्याखाली आम्ही तारीख घातली आणि लिहिले: 'प्लगचे आटे गेले. हेडला पितळी बुश, बाहेरून १८, आतून १४. पंच तीन ठिकाणी. कारण: इंजिन गरम, पाना जास्त ओढला.' पुढे दोघांनीही सह्या केल्या.